आधी दार, मग मोटर

"अहो, ती बहिरी नाहीये."

सातव्यांदा बटण दाबायला उचललेलं बोट तसंच हवेत राहिलं. समोरच्या मुलाने वळून पाहिलं, आणि तिला वाटलं, उगाच बोलले. पण शब्द तोंडातून गेला होता.

"कोण बहिरी?" त्याने विचारलं.

"लिफ्ट. तुम्ही बोलावलेलं तिने पहिल्याच वेळी ऐकलंय. पण ती आत्ता वर चाललीय. वरचे सगळे घेईल आणि मगच खाली येईल. सात वेळा दाबा, नाही तर सत्तर वेळा."

"पण आधी तर मी…"

"आधी कोणी बोलावलं, याला लिफ्टच्या लेखी काही…"

"किंमत नसते," त्याने वाक्य पूर्ण केलं.

"मी 'अर्थ नसतो' म्हणणार होते."

"तेच ते."

तेच ते नव्हतं. पण अनोळखी माणसाशी पहिल्याच भेटीत भांडायचं कुठे, म्हणून तिने ओली छत्री झटकली आणि दारावरच्या आकड्याकडे पाहत राहिली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, हे मात्र मनात येऊन गेलंच, आणि येताना ओठांवर जरासं हसू ठेवून गेलं. ते त्याने पाहिलं. काय पाहिलं ते त्याला कळलं नसावं, कारण तोही उगाचच हसला.

लिफ्ट आली. दोघं आत शिरले. दोघांनीही एकाच वेळी चौथ्या मजल्याच्या बटणाकडे हात नेला… आणि एकाच वेळी मागे घेतला.

"तुम्हीच दाबा," तो म्हणाला. "तुमची ओळख दिसतेय तिच्याशी."

कॉलेजच्या चौथ्या मजल्यावर संगणक विभागाची प्रयोगशाळा होती. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवत, आणि हा विषय तिच्या पाचवीला पुजला होता. पदवीचे बाकी सगळे विषय सुटले होते, हा एकच राहिला होता. पहिल्या वेळी परीक्षेच्या सकाळीच बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि पेपरच्या वेळेला ती इस्पितळाच्या बाकावर बसून होती. दुसऱ्या वेळी अभ्यास कमी आणि औषधपाणी जास्त, असं ते वर्ष गेलं. प्रयोगशाळेतल्या तेव्हाच्या जोडीदाराला दया आली. त्याने तिच्या वाट्याचंही सगळं काम करून टाकलं, आणि तोंडी परीक्षेत तिला त्यातल्या एका ओळीचाही अर्थ सांगता आला नाही. तो मुलगा अजूनही रस्त्यात भेटला की म्हणतो, "मी तर मदतच केली होती." त्यानंतर वर्षभर ती कॉलेजकडे फिरकलीच नाही. आता ही तिसरी खेप. विद्यापीठाचा नियम अगदी सोपा होता: तिसऱ्यांदाही विषय राहिला, की नाव पटावरून कमी. मग आधीचे सुटलेले सगळे विषयही पाण्यात.

विषय शिकवणाऱ्या मॅडम निवृत्तीला आलेल्या होत्या. आवाज बारीक, पण तो चढवायची वेळ त्यांच्यावर कधी येत नसे.

"मैत्री बघून जोड्या लावल्या की एक राबतो आणि दुसरा डुलतो," त्या म्हणाल्या. "म्हणून दारातून ज्या क्रमाने आलात, त्याच क्रमाने जोड्या. पहिला-दुसरा, तिसरा-चौथा."

लिफ्टमधून पाठोपाठ आलेले दोघं सातवी आणि आठवा होते.

काम असं होतं: प्रत्येक जोडीने सहा महिन्यांत एक छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम उभी करायची. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाच्या घरातली कर्ती बाई, असं मॅडम म्हणत. कोणाला आधी वाढायचं, कोणाला जरा थांबवायचं, कोणती वस्तू कुठल्या फळीवर, सगळं तिच्या डोक्यात. आणि तिची आठवण मात्र काही बिघडलं तरच होते. या घरातली डिस्क, म्हणजे साठवणीची कोठी, तिच्याकडे आली; मेमरी, म्हणजे हाताशीची फळी, त्याच्याकडे.

मॅडमचे स्वतःचे दोन नियम होते. जोडीला कीबोर्ड एकच. एकाने सांगायचं, दुसऱ्याने नुसतं टाइप करायचं, अर्ध्या तासाने जागा बदलायच्या. सांगणाऱ्याने कीबोर्डला हात लावायचा नाही आणि टाइप करणाऱ्याने मनाचं एक अक्षर घालायचं नाही. दुसरा नियम तोंडी परीक्षेचा. ती अदलाबदलीची असे: तुझ्या कामावरचे प्रश्न तुझ्या जोडीदाराला, त्याच्या कामावरचे तुला. एक अडला की दोघं नापास.

वर्गात त्याला सगळे 'पूर्णविराम' म्हणत. कोणी "मला वाटतं की…" एवढं म्हणेपर्यंत त्याने त्या माणसाचं वाटणं संपवलेलं असे. दहापैकी आठ वेळा ते बरोबरही निघे, म्हणून तर खोड जात नव्हती. तिला सगळे 'ताई' म्हणत, कारण ती वर्गापेक्षा तीन वर्षांनी मोठी होती. तोही वयाने तिच्याएवढाच, मध्ये काही वर्षं कारखान्यात नोकरी करून शिकायला आलेला. पण त्याला कोणी दादा म्हणत नसे. जगाची रीत.

तिसऱ्या आठवड्यात एकदा ती सांगत होती आणि तो टाइप करत होता. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"तू मला ताई म्हणत नाहीस," ती म्हणाली.

त्याची बोटं थांबली. "हे टाइप करायचं?"

"नाही. विचारतेय."

"घरी एक ताई आहे मला. पुरे झाली."

"मग मला काय म्हणणार?"

"टाइप करणाऱ्याने मनाचं अक्षर घालायचं नसतं," तो पडद्याकडे पाहतच म्हणाला. पण कान लाल झाले होते, आणि पुढच्या एका ओळीत त्याने तीन चुका केल्या.

प्रयोगशाळेत यंत्रांसाठी थंडी ठेवलेली असे, माणसांचा विचार कोणी केलेला नव्हता. तिच्या अंगात रोज तेच निळं जाकीट असे, तिच्या मापापेक्षा दोन नंबर मोठं, खिशाला तेलाचा न गेलेला डाग. त्या खिशात एक छोटा स्क्रूड्रायव्हर होता. विचारात पडली की ती तो बोटांत फिरवत राही.

"बाबांचं जाकीट आहे," त्याने न विचारताच तिने सांगितलं. "लिफ्ट दुरुस्त करायचे ते. पंचवीस वर्षं केलं."

"म्हणून ओळख!"

"म्हणून ओळख."

तिच्या डिस्कचं कामही लिफ्टसारखंच चाले. डिस्कवर कुठलं काय वाचायचं याच्या हाका चारी बाजूंनी येत. जो पहिला ओरडला त्याच्याकडे धावत सुटलं तर सगळा वेळ धावण्यातच जाई. म्हणून एका दिशेने जायचं, वाटेत येतील ते सगळे घ्यायचे, मग उलट फिरायचं. पुस्तकात यावर दहा पानं होती. तिने लिफ्टबद्दलच्या बाबांच्या एका जुन्या वाक्यावरून ते लिहिलं, आणि पहिल्याच दिवशी चाललं. त्या दिवशी त्याने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर तिने घरी जाईपर्यंत जपून नेली.

एका रविवारी विजेच्या दुरुस्तीसाठी प्रयोगशाळा बंद होती. कागदावरचं काम करू, म्हणून तो तिच्या घरी आला. दोन खोल्या, तिसरा मजला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, दिव्याखाली अंधार म्हणतात तसा. त्यामुळे झटका आल्यापासून बाबा खाली उतरत ते फक्त व्यायामाच्या दवाखान्यात जायला, तेही शेजारच्या दोघांनी खुर्ची उचलली तर.

आई कामावर गेली होती. बाबा खिडकीशी बसले होते, उजवा हात मांडीवर निजलेला. समोर पसरलेले कागद ते डोळ्यांनी वाचत होते.

"काका, एक विचारू?" तो म्हणाला. "दार उघडं असताना लिफ्ट चालू का होत नाही? काय केलेलं असतं?"

बाबांचा चेहरा उजळला. कोणी त्यांना त्यांच्या धंद्यातलं विचारून किती दिवस झाले होते! "दा… दार…"

"दाराला सेन्सर असतो?"

बाबांनी 'नाही' अशी मान हलवली. "दार… आ…"

"आपोआप?"

"आ…"

"आवाज होतो?"

बाबांनी तोंड मिटलं आणि खिडकीबाहेर पाहायला लागले. तिला ते पाहणं ठाऊक होतं. एकदा असं झालं की ते दिवसभर बोलत नसत. पाहुणे येत, नातेवाईक येत, प्रत्येक जण बाबांच्या तोंडात आपला शब्द घालून, वर समाधानाने चहा पिऊन जाई.

तिने पेन्सिल खाली ठेवली.

"त्यांना शब्द देऊ नकोस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तो दचकला. "शब्द आहेत त्यांच्याकडे. सगळे आहेत. यायला वेळ लागतो, एवढंच. मध्ये तू तुझा ठेवलास की त्यांचा परत आत जातो."

"मी फक्त मदत…"

"माहितीये. सगळे मदतच करतात."

खोलीत कोणीच बोलेना. नळ ठिबकत होता, खाली कोणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं, ती काही सुरू होत नव्हती. तिने बाबांच्या हातावर हात ठेवला आणि नुसती बसून राहिली. तो दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून बसला होता, जसं काही शब्द हातांतूनच सुटणार होते. एक मिनिट गेलं. मिनिट किती मोठं असतं, ते त्याला त्या दिवशी कळलं असावं.

"दार… आधी," बाबा म्हणाले. मग श्वास घेतला. "त्याला… कुलूप. मग… मोटर."

आणि डाव्या हाताचं बोट वर करून, जसं ते कामावरच्या नव्या पोरांना दटावत असतील तसं, "उलट… कधी… नाही."

"समजलं, काका," तो हळूच म्हणाला.

बाबा अर्ध्या ओठांनी हसले. तेवढं हसू तिला महिनाभर पुरलं असतं.

ती त्याला सोडायला जिना उतरून खाली गेली. शेवटच्या पायरीवर तो थांबला.

"मला वाटायचं, मी लोकांचं ओझं हलकं करतो."

"आता कानाला खडा लाव."

"लावला."

"आणि एक. माझं काम तू करायचं नाहीस. मी अडले तरी. बुडत असले तरी. दुधाने तोंड पोळलं की…"

"ताकही फुंकून…" तो म्हणाला आणि जीभ चावली.

तिला एवढं हसू आलं की कठड्याला धरावं लागलं. तोही हसला. मग हसणं ओसरलं आणि दोघं जरा जास्तच वेळ तिथे उभे राहिले. "वचन?" तिने विचारलं. "वचन," तो म्हणाला.

जिना चढताना तिने स्वतःशी कबूल करून टाकलं: तो आपल्याला आवडतो. नुसता आवडत नाही, त्याच्या येण्याच्या वेळेला जिन्यावर कान लागतात, इतका आवडतो. पण हे परीक्षेनंतर. आधी तो बोलला तर बघू. तो काय विचार करत होता, ते तिला ठाऊक नव्हतं. पण तोही बोलला नाही, त्याअर्थी तोही आधी ती बोलेल म्हणून थांबला असावा. असे दोघं सभ्यपणे थांबले आणि दोन महिने गेले.

परीक्षेला चार दिवस राहिले आणि घोडं अडलं. त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम नऊ-दहा वेळा सुरळीत चाले आणि अकराव्यांदा गोठे. चूक दाखवणारा इशारा नाही, काही नाही; नुसती गप्प. आणि गोठे ती तिच्याच भागात, डिस्कच्या ओळींपाशी. तीन दिवस दोघांनी डोळे फोडले.

परीक्षेच्या आदल्या दुपारी बाबांना दवाखान्यात न्यायचं होतं. खुर्ची उचलणारे दोघं त्याच दिवशी मोकळे होते. "सकाळी लवकर येते," ती त्याला म्हणाली. "सापडेल." आवाजात उसना धीर होता.

संध्याकाळी त्याचा निरोप आला: चाललं. शंभर वेळा चालवून पाहिलं.

तिचा जीव भांड्यात पडला. काय होतं? तिने विचारलं.

उद्या सांगतो, असं उत्तर आलं.

सकाळी ती धापा टाकत चौथ्या मजल्यावर पोहोचली, तर त्यांच्या आधीची जोडी आलीच नव्हती आणि यांचं नाव पुकारलं जात होतं. तो दारातच उभा होता. चेहरा उतरलेला.

"ऐक ना, मला एक सांगायचं होतं, काल मी…"

"या, बसा," आतून मॅडम म्हणाल्या. पूर्णविरामाचं स्वतःचंच वाक्य अर्धं राहिलं.

आधी तिची पाळी. मेमरीवरचे प्रश्न. त्याने लिहिलेली ओळ न ओळ तिला पाठ नव्हे, समजलेली होती. ती बोलत गेली आणि मॅडमचं पेन खूण करत गेलं. मग त्याची पाळी. पडद्यावर तिचा भाग उघडला. मॅडम एकेक ओळ वर सरकवत होत्या, आणि तिला घरातल्या भांड्यांसारखी प्रत्येक ओळ ओळखीची वाटत होती. तोच एका ठिकाणी तिचे डोळे अडकले.

ही ओळ तिची नव्हती.

"इथे ही क्षणभर थांबायची सूचना दिलीय," मॅडमनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "कशासाठी?"

त्याच्याकडे उत्तर होतं, तिला दिसत होतं. 'डिस्कला तयार व्हायला वेळ लागतो,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. दोघं पास झाले असते. पटावर तिचं नाव राहिलं असतं, घरी आईने देवापुढे हात जोडले असते. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत तो तिलाच विचारत होता. तिच्या डोळ्यांपुढे मात्र दुसऱ्या खेपेचा तो जोडीदार आला. मी तर मदतच केली होती.

"मॅडम, ही ओळ माझी नाही," ती म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढला. "मग कोणाची?"

"माझी," तो म्हणाला. "काल घातली. ती नसताना, तिला न विचारता."

"का?"

"गोठत होतं. तिथे जरा थांबवलं की गोठत नाही."

"गोठत का होतं?"

"माहीत नाही," तो म्हणाला.

मॅडमनी स्वतःच्या हाताने ती ओळ पुसली. "दुखणं तसंच ठेवून वर शाल पांघरलीत," त्या म्हणाल्या. "अजून तीन जोड्या व्हायच्यात. पाऊण तास धरा. त्या कोपऱ्यातल्या मशीनवर बसा, नेमाप्रमाणे. ही सांगेल, तू टाइप करशील. चाललं तर बघू. नाही चाललं, तर…" पुढचं त्यांनीही बोलायचं टाळलं.

कोपऱ्यात बसल्यावर ती त्याच्याकडे पाहीना.

"एवढं एकच सांगितलं होतं तुला."

"हो."

"एकच."

"हो," तो म्हणाला. मदत करत होतो, असं म्हणाला नाही. ते तिने रागातही ऐकलं.

"चालव," ती म्हणाली.

त्याने चालवलं. चाललं. पुन्हा. पुन्हा. नवव्यांदा गोठलं. पडदा गप्प. ती आपल्या ओळी वाचत राहिली, खिशातला स्क्रूड्रायव्हर बोटांत फिरत राहिला. दहा मिनिटं गेली. वीस गेली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचं नाही, असं तिने ठरवलं आणि दर मिनिटाला पाहिलं. एकदा शेजारी तो श्वास घेतोय असं वाटलं, आणि आता हा बोलणार म्हणून तिने हात वर केला. पण तो बोलणार नव्हताच. हात कीबोर्डवर ठेवून तो नुसता बसला होता, त्या रविवारी बसला होता तसा.

"तुझा भाग उघड," ती अचानक म्हणाली. "माझ्या शेजारी लाव."

दोन्ही भाग शेजारी-शेजारी आले. एका वस्तूला एका वेळी एकानेच हात लावावा, म्हणून प्रोग्राममध्ये कुलपं घालतात. डिस्कला एक कुलूप होतं, मेमरीला एक. ज्याच्या हाती कुलूप, त्याचंच राज्य. तो सोडेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. ती बोट ठेवून वाचायला लागली, पुटपुटत. माझा भाग आधी डिस्कचं कुलूप घेतो. मग मेमरीचं मागतो. तुझा भाग आधी मेमरीचं घेतो. मग…

तिचं बोट थांबलं.

"मग डिस्कचं मागतो," ती म्हणाली. "माझ्या हातात डिस्क, मी तुझ्या मेमरीसाठी थांबलेय. तुझ्या हातात मेमरी, तू माझ्या डिस्कसाठी थांबलायस. चूक कोणाचीच नाही. दोघंही नियमानेच वागतायत. आणि दोघंही जन्मभर असेच थांबतील."

त्याच्या तोंडून "अरे" निघालं, ते त्याने तिथेच गिळलं.

"आधी दार, मग मोटर," ती म्हणाली. बाबांचं वर केलेलं बोट तिला लख्ख दिसत होतं. "उलट कधी नाही. दोघांनीही एकच क्रम पाळायचा. आधी मेमरी, मग डिस्क. तुझं बरोबर आहे, माझ्याकडे उलटं आहे. मीच बदलायचं. टाइप कर."

दोन ओळींची जागा बदलली. एवढंच. चालवलं. वीस वेळा, चाळीस वेळा. साठाव्या वेळेला मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. एकशे दहा झाल्यावर म्हणाल्या, "पुरे. आता तू सांग, हिने काय केलं ते."

त्याने सांगितलं. घाईने नाही, एकेक पायरी, तिच्याच शब्दांत. शेवटी म्हणाला, "मॅडम, शोधलं हिने. आणि हा क्रम हिच्या बाबांचा आहे."

"तुझे दहा गुण मी कापणार आहे," मॅडम म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"दोघं पास." मग तिच्याकडे पाहून, जरा मऊ आवाजात, "जा बाळ, घरी सांग."

ती बाहेर आली, लिफ्टपाशी भिंतीला टेकली आणि तिला एकदम रडू कोसळलं. तीन वर्षांचं होतं ते, लवकर थांबलं नाही. तो दोन हात अंतरावर उभा राहिला. रुमाल पुढे केला, पण "रडू नकोस" म्हणाला नाही. जिन्याच्या खिडकीतून अवकाळी पावसाचे बारीक थेंब आत येत होते.

"माझा राग गेलेला नाही," डोळे पुसत ती म्हणाली.

"जाऊ नये इतक्यात. मी वचन मोडलं."

"का केलंस?"

"भ्यालो. तुझं नाव जाईल म्हणून. तू पुन्हा दिसणार नाहीस म्हणून…" तो थांबला. "पण ते कारण माझं होतं. काम तुझं होतं."

ती बराच वेळ रुमालाची घडी घालत राहिली. "एक खरं सांग. तिथे आपण बसलो होतो तेव्हा तुला चूक आधीच सापडली होती ना? आणि तू मुद्दाम गप्प होतास?"

"नाही."

"खरं?"

"शप्पथ. मला काहीच सुचत नव्हतं. पहिल्यांदाच असं झालं की पुढचं वाक्य मला माहीत नव्हतं. नुसता थांबलो होतो." तो ओशाळून हसला. "फार भीती वाटते गं, असं थांबायला."

त्या क्षणी तिचा उरलासुरला राग विरघळला. तो आपल्याहून हुशार म्हणून गप्प नव्हता. त्याच्यापुढेही आपल्याइतकाच अंधार होता, आणि तरी त्याने आपल्यावर भरवसा टाकला होता. बाबांशी असं कोणी वागलं असतं तर ते किती बोलले असते! तिला आता बोलायचं होतं. परीक्षा झाली होती, क्रम ठरवायची वेळ झाली होती. कोणीतरी आधी व्हायलाच हवं होतं.

"मला…" ती म्हणाली.

शब्द पुढे येईना.

"मला… तुझ्या…"

लिफ्ट आली. दार उघडलं, आतला पिवळा उजेड दोघांच्या पायांवर पडला. त्याने तिकडे पाहिलंही नाही. दार थोडा वेळ वाट पाहून मिटलं आणि लिफ्ट रिकामीच खाली गेली.

या वेळी मात्र त्याला पुढचं वाक्य माहीत होतं. तिला दिसत होतं ते, त्याच्या डोळ्यांत, लाल झालेल्या कानांत, घट्ट मिटलेल्या ओठांत. अख्खं वाक्य त्याच्या जिभेवर होतं. तरी तो थांबला.

"मला तुझ्याबरोबर… राहायचंय," ती म्हणाली. मग श्वास घेतला आणि उरलेलंही सांगून टाकलं. "कायमचं."

तिचं बोलणं पुरतं संपलं आहे, याची त्याने खात्री करून घेतली.

"मलाही," तो म्हणाला.

"आता बाबांना सांगायला जायचं," ती म्हणाली. "दोन्ही गोष्टी. तू येणार?"

"येणार. आणि ते काय म्हणतात ते पूर्ण ऐकणार."

मग त्याने लिफ्टचं बटण दाबलं. एकदाच.